सांगता येते, पण लिहिता येत नाही : प्रौढांतील अवधान-न्यूनता आणि लेखनाची अडचण

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेचे काम सुरू झाले की संपादकांचा दूरध्वनी येतो आणि आपण सारे डॉक्टर एकाच सुरात "हो, देतो की" असे उत्तर देतो. त्यानंतर संपादकांचे दूरध्वनी वाढत जातात आणि आपली उत्तरे आखूड होत जातात. आमच्यातील एक ज्येष्ठ शल्यचिकित्सक मासिक सभेत हाती चिठोरेही न घेता चाळीस मिनिटे बोलतात. विषयाची मांडणी, रुग्णांचे दाखले, मध्येच एखादी कोपरखळी, सारे कसे जागच्या जागी असते. गेली बारा वर्षे हे गृहस्थ स्मरणिकेला लेख देणार आहेत. दरवर्षी मंडळात या गोष्टीवर हशा पिकतो. मीही त्यात मनापासून सामील होत असे. गेली काही वर्षे मात्र मला हसू येत नाही. ते का येत नाही, हे सांगण्यासाठी हा लेख.

मी बालरोगतज्ज्ञ आहे. माझ्याकडे प्रौढ माणसे रुग्ण म्हणून येत नाहीत, ती आईवडील म्हणून येतात. परंतु मुलाला तपासता तपासता कधी कधी समोरच्या खुर्चीतील वडिलांचे दुखणे आपल्या हाती लागते. असाच एक प्रसंग आहे. संबंधितांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून तो येथे देते.

एक कोरा रकाना

आठ वर्षांचा मुलगा. वर्गात बसवत नाही, गृहपाठ अर्धवट राहतो, पाण्याची बाटली रोज हरवते, अशी शाळेची तक्रार होती. रीतीप्रमाणे मी एक प्रश्नावली शाळेसाठी आणि एक पालकांसाठी दिली. पुढच्या भेटीला आईबरोबर वडीलही आले. वडोदऱ्याजवळच्या एका रासायनिक कारखान्यात ते अभियंता होते. मुलाविषयी ते वीस मिनिटे बोलले. तो कशाने बिथरतो, कशात रमतो, कोणत्या क्षणी त्याचे लक्ष सुटते याचे इतके नेमके वर्णन मी पाठ्यपुस्तकातही क्वचितच वाचले असेल. नंतर मी प्रश्नावली उलटून पाहिली. शेवटी 'मुलाविषयी आपल्या शब्दांत लिहा' असे म्हणून सहा ओळींची जागा सोडलेली होती. तेथे दोन शब्द लिहून खोडलेले होते, बाकी सारे कोरे.

"आत्ता जे सांगितलंत, तेच लिहून का नाही आणलंत?" मी सहज विचारले.

त्यांनी मान खाली घातली. "मॅडम, बोलायला सांगा, रात्रभर बोलतो. कागद समोर आला की डोकं बंद पडतं. म्हणजे रिकामं होत नाही, उलट इतकं भरतं, की दारात गर्दी होऊन एकही माणूस बाहेर पडत नाही तसं होतं."

मग हळूहळू सारे बाहेर आले. पंपाचा नुसता आवाज ऐकून त्यातील बिघाड सांगणारा हा माणूस. कामगारांशी गुजरातीत, कंत्राटदारांशी हिंदीत बोलून काम मार्गी लावणारा. परंतु बिघाडाचा अहवाल इंग्रजीत लिहून द्यायचा म्हटले की तीन तीन आठवडे लोटत. रात्री जेवण झाल्यावर बसायचे, एक वाक्य लिहायचे, ते खोडायचे, पुन्हा तेच लिहायचे आणि दोन वाजता संगणक बंद करायचा. बढती दोनदा हुकली होती. वार्षिक मूल्यमापनात वरिष्ठांनी 'कामात गांभीर्य नाही' असा शेरा मारला होता. कार्यालयातील पत्रे गेली काही वर्षे पत्नीच लिहून देत असे. "मी ह्यांची चिटणीस आहे," असे ती हसून म्हणाली, पण त्या हसण्यात थकवा होता.

निघताना त्या गृहस्थांनी मुलाच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "ह्याला जे आहे ना मॅडम, ते सगळं माझंच आहे. फक्त मला कधी कुणी विचारलं नाही."

मुलांचा म्हणून ओळखला गेलेला विकार

या विकाराचा इतिहास बालरोगशास्त्राशी निगडित आहे. ज्यांच्या नावाने बालसंधिवाताचा एक प्रकार आपण ओळखतो, त्या जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी १९०२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सपुढे व्याख्याने दिली. बुद्धी चांगली असूनही स्वतःवर ताबा ठेवता न येणाऱ्या, लक्ष टिकवू न शकणाऱ्या मुलांचे वर्णन त्यांत होते. त्यांची परिभाषा आज आपल्याला खटकेल, कारण हा दोष नैतिक नियंत्रणाचा आहे असे त्यांनी मांडले. तरीही निरीक्षण अचूक होते. पुढे १९३७ मध्ये अमेरिकेतील ऱ्होड आयलंड येथे चार्ल्स ब्रॅडली यांनी मुलांना बेन्झेड्रिन देऊन पाहिले, तेव्हा त्यांतील अनेकांच्या शालेय कामात लक्षणीय सुधारणा झाली.

१९६८ च्या अमेरिकी वर्गीकरणात या विकाराचे नावच 'बालवयातील अतिचंचल प्रतिक्रिया' असे होते. १९८० च्या डीएसएम-३ मध्ये 'अवधान-न्यूनता' हा शब्द आला आणि मुलाची वळवळ मागे पडून लक्ष हा कळीचा मुद्दा ठरला. १९८७ पासून एडीएचडी हे आज रूढ असलेले नाव वापरात आहे. मूल मोठे झाले की हा विकार आपोआप जातो, असे आम्हाला विद्यार्थिदशेत शिकवले गेले. ते पुरते खरे नव्हते. वयाबरोबर वळवळ कमी होते, हे खरे. परंतु आतील अस्वस्थता, विसर, वेळेचा अंदाज न येणे आणि हाती घेतलेले काम तडीस न जाणे हे पुष्कळांच्या बाबतीत तसेच राहते. २०१३ च्या डीएसएम-५ ने मुलांत सुमारे पाच टक्के आणि प्रौढांत सुमारे अडीच टक्के असे प्रमाण दिले आहे. हा विकार मोठ्या प्रमाणावर आनुवंशिक आहे, असे जुळ्यांवरील अभ्यासांतून वारंवार दिसले आहे. त्यामुळे 'ते सगळं माझंच आहे' हे त्या वडिलांचे उद्गार शास्त्राला धरूनच होते.

याच डीएसएम-५ मध्ये दीर्घकाळ मानसिक श्रम लागणारी कामे टाळणे हे एक लक्षण सांगितले आहे. मुलांच्या बाबतीत त्याचे उदाहरण गृहपाठाचे आहे. प्रौढांसाठी दिलेली उदाहरणे आहेत अहवाल तयार करणे, अर्ज भरणे आणि लांबलचक कागदपत्रे वाचून तपासणे. म्हणजे ज्याला आपण आळस म्हणून हिणवतो, ते निदानाच्या यादीत छापून ठेवलेले आहे.

लेखनाशी या विकाराचे नाते किती घट्ट आहे, याचा एक पुरावा २०११ मध्ये 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या रोचेस्टर येथे १९७६ ते १९८२ या काळात जन्मलेल्या मुलांचा हा अभ्यास होता. एकोणीस वर्षांपर्यंत लेखी भाषेचा दोष आढळण्याचे प्रमाण हा विकार असलेल्या मुलग्यांत सुमारे ६५ टक्के आणि मुलींत ५७ टक्के होते. विकार नसलेल्यांत ते अनुक्रमे सुमारे १७ आणि ९ टक्के होते. ही मुले आज चाळिशी ओलांडून गेली आहेत. आपल्याकडची त्यांच्या वयाची मुलेही मोठी होऊन कुठल्या ना कुठल्या कार्यालयात कोऱ्या कागदासमोर बसलेली असणारच.

लिहिताना नेमके काय घडते

लिहिणे ही एकच क्रिया आहे असे आपण धरून चालतो. १९८० च्या सुमारास पिट्सबर्ग येथील जॉन हेज आणि लिंडा फ्लॉवर यांनी लिहिणाऱ्या माणसांना लिहिता लिहिता मनातले मोठ्याने बोलायला लावले आणि त्या क्रियेची फोड केली. काय सांगायचे ते ठरवणे, ठरलेले वाक्यात उतरवणे आणि उतरलेले पुन्हा तपासणे अशी तीन कामे त्यात असतात. ती एकामागून एक रांगेने होत नाहीत, माणूस सतत या कामातून त्या कामात जात असतो. कोठे थांबायचे आणि कोठे जायचे याचा निर्णयही त्यालाच घ्यावा लागतो.

हे सारे होते ते कार्यस्मृतीत. स्वयंपाकघराचे उदाहरण घेऊ. डबे फडताळात असतात, ती आपली साठवणीची स्मृती. ओट्यावर ज्या चार वस्तू एका वेळी मांडता येतात, ती कार्यस्मृती. अवधान-न्यूनता असलेल्या माणसाचे फडताळ पुष्कळदा भरलेले असते, कधी कधी इतरांपेक्षा जास्तच. त्याचा ओटा मात्र लहान असतो. वर त्याच्याकडे प्रत्येक डबा एकाच वेळी खाली यायला पाहतो. मनातील वाक्य लिहीत असता त्या वाक्याचा शेवट निसटतो, शेवट धरावा तर पुढचा मुद्दा जातो. मुद्दा सापडेतो शुद्धलेखनाकडे लक्ष जाते आणि एव्हाना पहिले वाक्य चुकीचे वाटू लागते. "दारात गर्दी होते" हे त्या अभियंत्याचे वर्णन अगदी यथार्थ होते.

दुसरी अडचण काळाची. लेखनाचे फळ दूर असते आणि श्रम आत्ताचे असतात. दूरच्या फळासाठी आत्ताचे श्रम करण्याची शक्ती या विकारात उणी असते. म्हणूनच अशी माणसे मुदत संपायच्या आदल्या रात्री एकाएकी जागी होतात आणि पहाटेपर्यंत चांगले लिहूनही टाकतात. मग लोक म्हणतात, "पाहा, मनात आणलं की करतो!" ही शाबासकी नव्हे, हा दुसरा आरोप होय. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांनी दीर्घकाळ मांडलेला विचार असा की, या माणसांना काय करायचे ते ठाऊक असते, पण ठाऊक असलेले योग्य वेळी हातून घडत नाही. त्यांना उपदेश करून फारसा लाभ होत नाही, तो याच कारणाने.

मग बोलणे का जमते?

बोलताना ऐकणारा समोर असतो. आपण भरकटलो तर त्याच्या कपाळावर आठी दिसते, मुद्दा पटला तर मान हलते. तो "मग पुढे?" असे विचारतो. ओट्याचा अर्धा भार तो उचलत असतो. शिवाय बोललेले खोडता येत नाही, त्यामुळे मागे वळण्याचा मोहही नसतो. कोरा कागद यांपैकी काहीच देत नाही.

बोलणे आणि लिहिणे या दोन निराळ्या विद्या आहेत, हे आपल्या परंपरेला चांगले माहीत होते. महाभारत व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहिले, अशी कथा आहे. ज्ञानेश्वरांचे निरूपण नेवाशाला सच्चिदानंदबाबांनी उतरून घेतले. समर्थांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहिला, असे परंपरा सांगते. त्याच दासबोधात लेखनक्रियेवर एक स्वतंत्र समासही आहे. दरबारात मजकूर सांगणारा वेगळा आणि उतरवणारा चिटणीस वेगळा. सांगणाऱ्याला स्वतः लिहिता येत नाही म्हणून त्याची योग्यता कमी, असे कोणी मानले नाही. बाळाजी आवजी चिटणीसांची आख्यायिका आपण सर्वांनी ऐकली आहे. पत्र लिहायचे राहून गेले असता त्यांनी कोरा कागद समोर धरून सबंध पत्र महाराजांना अस्खलित वाचून दाखवले, अशी ती गोष्ट. कागद कोरा आणि पत्र मनात तयार! बाळाजी आवजींचे ते पत्र पुढे कागदावर उतरले असणार. माझ्या अभियंत्याचे उतरत नव्हते, इतकाच फरक.

आजच्या नोकरीत मात्र सांगणारा आणि लिहिणारा एकच असावा लागतो. आपल्या गावात तर भाषांचा आणखी एक जिना चढावा लागतो. आपण बडोदेकर मराठी माणसे घरी मराठीत विचार करतो, बाजारात गुजराती बोलतो, परप्रांतीय सहकाऱ्यांशी हिंदी बोलतो आणि अहवाल इंग्रजीत लिहितो. ज्याचा ओटा मोठा आहे त्याला ही श्रीमंती वाटते. ज्याचा लहान आहे, त्याला मात्र प्रत्येक वाक्याबरोबर एक भाषांतरही करावे लागते.

निदानाची घाई नको

येथे एक सावधगिरीचा शब्द. लेखन लांबणीवर टाकणाऱ्या प्रत्येकाला हा विकार असतो असे नव्हे, नाहीतर आपल्या मंडळाच्या निम्म्या सभासदांवर उपचार करावे लागतील! काही लक्षणे बारा वर्षांच्या आत दिसलेली असावी लागतात. ती घरी आणि कामावर, अशी एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागतात आणि त्यांनी आयुष्यात खरोखर अडथळा आणलेला असावा लागतो. सतरा वर्षांवरील व्यक्तीत लक्ष न टिकण्याच्या किंवा अतिचंचलतेच्या नऊ लक्षणांपैकी किमान पाच हवीत. नैराश्य, चिंता, झोपेत श्वास अडणे, थायरॉइडचे विकार, रक्तक्षय, मद्यपान यांनीही लक्ष उडते. चाळिशीत नव्यानेच सुरू झालेली विस्मृती हा विकार नव्हे, तिचे कारण दुसरीकडे शोधावे. ज्याला मुळात अक्षरे आणि शब्दच नीट उमटवता येत नाहीत, त्याचा अध्ययनदोष स्वतंत्रपणे पाहावा, कारण हे दोन्ही एकत्रही असू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेची सहा प्रश्नांची चाळणी प्राथमिक अंदाजाला उपयोगी पडते. निदान मात्र मानसोपचारतज्ज्ञाने सविस्तर मुलाखतीनंतरच करावे. जुनी प्रगतिपुस्तके आणि आईची आठवण ही यातील मोलाची साधने होत.

स्त्रियांविषयी वेगळे सांगायला हवे. शांत बसून खिडकीबाहेर पाहणाऱ्या मुलीची तक्रार शाळा करीत नाही. अशा मुली पुढे आई होतात आणि मुलाची वही, डबा, लसीकरणाचे कार्ड सांभाळताना स्वतःला वेंधळी म्हणून दोष देत राहतात. माझ्याकडील कित्येक आयांचे खरे दुखणे मला फार उशिरा उमगले, हे मी कबूल करते.

उपाय : औषध आणि आधार

मेथिलफेनिडेट हे औषध आपल्या देशात अनुसूची एक्समध्ये येते आणि त्याची विक्री कडक नियमांनी बांधलेली आहे. ॲटोमॉक्सेटिन हे उत्तेजक नसलेले औषध आहे आणि त्याचा गुण दिसायला काही आठवडे लागतात. दोन्हींच्या आधी रक्तदाब, नाडी आणि हृदयविकाराचा इतिहास पाहावाच लागतो. औषधाने अनेकांचे लक्ष टिकते, परंतु गोळी कोणाला परिच्छेद रचायला शिकवीत नाही. बोस्टन येथे औषध घेत असलेल्या प्रौढांवर झालेला एक अभ्यास २०१० मध्ये 'जामा'मध्ये प्रसिद्ध झाला. आखणी, कामाचे तुकडे पाडणे आणि विचारांच्या सवयी बदलणे यांवर भर देणाऱ्या बोधनात्मक वर्तनोपचाराने, केवळ शिथिलीकरण आणि माहिती मिळालेल्या गटापेक्षा त्यात अधिक सुधारणा दिसली.

लेखनापुरते म्हणाल तर काही साध्या युक्त्या मी गेल्या काही वर्षांत पालकांना सांगत आले आहे. त्यांचे सूत्र एकच. सांगणारा आणि लिहिणारा यांना पुन्हा वेगळे करायचे.

पहिली गोष्ट, आधी बोलावे. समोर माणूस बसवून त्याला विषय सांगावा आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रण करावे. आता मराठीत बोललेलेही मोबाइल टंकलिखित करून देतो. त्यात चुका असतात, पण चुकांचा कागद कोरा नसतो.

दुसरी गोष्ट, मध्यापासून सुरू करावे. पहिले वाक्य ही सर्वांत कठीण जागा असते, ती शेवटी भरावी. एका चिठ्ठीवर एकच मुद्दा लिहून चिठ्ठ्या मेजावर पसराव्यात आणि हाताने त्यांचा क्रम लावावा. ओटा लहान असेल तर मेज मोठे घ्यावे.

तिसरी गोष्ट, पहिला खर्डा ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत, सरमिसळ करूनच लिहावा. इंग्रजी दुसऱ्या दिवशी. लिहिणे आणि तपासणे एकाच बैठकीत करू नये.

चौथी गोष्ट, वीस मिनिटांची बैठक आणि शेजारी कोणीतरी आपले काम करीत बसलेले असावे. त्याने काही बोलण्याची गरज नाही. नुसत्या सोबतीने अनेकांचे चित्त जागेवर राहते, असा माझ्या पालकांचा अनुभव आहे.

आणि पाचवी गोष्ट वरिष्ठांसाठी. अहवालाचा ठरावीक साचा द्यावा. काय घडले, केव्हा, कारण काय, काय केले, पुढे काय करावे, असे पाच प्रश्न पुरतात. मोकळे पान ही सवलत वाटते, या माणसांना ती शिक्षा असते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यातील एकवीस प्रकारांत विशिष्ट अध्ययनदोष आहे, परंतु हा विकार स्वतंत्रपणे नाही. त्यामुळे कार्यालयात मिळणारी सवलत बहुधा वरिष्ठांच्या समजूतदारपणावरच अवलंबून राहते.

आपल्या व्यवसायालाही हे लागू आहे. अडलेला प्रबंध, साठत गेलेले डिस्चार्ज कार्ड, त्रोटक केसपेपर यांवर आपण निवासी डॉक्टरांना फैलावर घेतो. ते योग्यही आहे, कारण अपुऱ्या नोंदीची किंमत रुग्ण मोजतो. परंतु रोग्याच्या खाटेशी उत्तम बोलणारा मुलगा कागदावर सतत मुका होत असेल, तर एकदा दार लावून त्याला शांतपणे विचारायला हवे.

त्या अभियंत्याचे निदान पुढे मानसोपचारतज्ज्ञांनी पक्के केले. औषध सुरू झाले. अहवाल ते आता गाडीत बसल्या बसल्या मोबाइलला सांगतात आणि रात्री पाच प्रश्नांच्या साच्यात बसवतात. बढती अजून मिळालेली नाही. पत्नीने मात्र चिटणिशीचा राजीनामा दिला, असे तिनेच मला सांगितले.

दादा

शेवटी एक घरची गोष्ट सांगते. माझा थोरला भाऊ इतिहासाचा विद्यार्थी होता. सयाजीराव महाराजांच्या काळात या शहराला पाणी कसे मिळाले, हा त्याच्या प्रबंधाचा विषय. रविवारी तो आम्हा भावंडांना आजव्याला घेऊन जाई आणि बांधावर बसून बोलू लागे. नळ कुठून आले, दगड कुठला, जुन्या विहिरींचे काय झाले! दुपार कधी सरली ते कळत नसे. प्रबंध मात्र झाला नाही. मार्गदर्शक निवृत्त झाले, नोंदणीची मुदत संपली. "ह्याचं बूड एका जागी टिकत नाही," हा वडिलांचा निकाल साऱ्या घराने मान्य केला. त्यात मीही होते. माझा एमडीचा प्रबंध वेळेत झाला होता, त्याची घमेंड होती. एकदा मी त्याला म्हटले, "दादा, रोज एक पान लिही ना. वर्षाला तीनशे पासष्ट होतील." तो हसला आणि म्हणाला, "हिशेब बरोबर आहे तुझा."

२०१४ मध्ये तो गेला. त्याची पत्र्याची ट्रंक मी उघडली, तेव्हा वर टाचणांच्या वह्या होत्या आणि तळाशी सुटी पाने. त्या वह्या भरगच्च होत्या. पाने मी मोजली, सदतीस होती. सारीच पहिल्या प्रकरणाची पहिली पाने. प्रत्येकाची सुरुवात निराळी, प्रत्येक सुरुवात चांगली, आणि प्रत्येक पान अर्ध्यावर थांबलेले. दुसरे पान एकही नव्हते. सदतीस वेळा जो माणूस पहिल्या पानापाशी परत आला, त्याला आम्ही आळशी म्हणत होतो.

गेलेल्या माणसाचे निदान करता येत नाही आणि मी ते करणार नाही. परंतु माझ्या दवाखान्यातील पालकांच्या प्रश्नावलीत आता एक प्रश्न मी हाताने वाढवते : 'आपणास स्वतःला लहानपणी असा त्रास होता काय?' आणि त्याच्यासमोर ओळी न सोडता 'तोंडी सांगितले तरी चालेल' असे लिहिते. सर्व बालरोगतज्ज्ञ बंधुभगिनींनी हा प्रश्न विचारून पाहावा, अशी विनंती आहे. त्याला काही खर्च नाही.

आरंभी उल्लेखिलेल्या ज्येष्ठ शल्यचिकित्सकांकडे यंदा मी दिवाळीनंतर मुद्दाम गेले. त्यांना हा विकार आहे की नाही, मला ठाऊक नाही आणि मी विचारलेलेही नाही. सोबतीला निदान लागत नाही. चहा झाल्यावर मोबाइल मेजावर ठेवला आणि म्हटले, "सर, ती जुनी केस पुन्हा सांगा ना." ते पस्तीस मिनिटे बोलले. माझ्या भाचीने ते टंकलिखित केले, सरांनी लाल शाईने तपासले आणि लेख मुदतीच्या चार दिवस आधी संपादकांच्या हाती पडला. सरांच्या परवानगीनेच हे येथे सांगते आहे.

त्यांच्याकडून घरी परतताना मला ट्रंकेतल्या त्या पानांची आठवण झाली. आजव्याच्या बांधावर दादा बोलत असताना आमच्यापैकी कोणीतरी वही घेऊन बसायला हवे होते.